आईच्या मनगटाचा काठ

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत दहिवडीच्या बाजारात एक माणूस हमखास दिसायचा. विणकरांसाठी लुगड्याच्या काठांची नक्षी काढणं हा त्याचा धंदा. कानावर पेन्सिल, हातात चौकडीचा कागद आणि नजर बायकांच्या गोंदणावर.

एकदा तो थेट माझ्या आईसमोर बसला. "मावशी, मनगट दावा की."

आई उखडली, "मेल्यावर गोंदाण तेवढं संगं जातंय. ते तुला कशाला रं?"

"जाऊ द्या की संगं! हितं खाली एक नक्कल ठिवून जावा."

आई हसली. हात पुढं केला. लहानपणी गोंदताना तिनं हात ओढलेला, म्हणून गोंदलेल्या फुलात एक ठिपका कमी होता. त्यानंही कागदावर त्या ठिपक्याचं घर रिकामं सोडलं.

आई गेल्यावर सांगलीच्या पेठेत दुकानदारानं माझ्यापुढं लुगडं उलगडलं. काठावरच्या प्रत्येक फुलात एक ठिपका कमी होता. मी तो काठ मनगटासारखा धरला.