दारचं पपनस

कुडपण गावाहून एक काका आमच्या महाडच्या लॅबमध्ये रक्त द्यायला येतात. त्यांना दुसऱ्याचं हृदय बसवलंय. शरीरानं ते नाकारू नये म्हणून गोळ्या आहेत, पण त्याच गोळ्यांचं प्रमाण रक्तात वाढलं की किडनीला त्रास होतो. म्हणून आधी रक्त तपासायला द्यायचं आणि मगच सकाळची गोळी घ्यायची. ती खिशातल्या डबीत तयार असते.

"पाव्हण्याला जपायचा, पन घरच्यांना उपाशी ठेवून नाय," छातीवर आणि मग कमरेवर हात ठेवत ते दर खेपेला सांगतात. मीही पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसते.

परवा त्यांनी दारच्या झाडाचं पपनस आणलं. त्यांना स्वतःला ते बंद आहे, कारण त्यानं औषध रक्तात चढतं. तरी त्यांनीच ते निगुतीनं सोललं, आम्हाला फोडी दिल्या आणि साबणानं हात धुऊन समोर येऊन बसले.

"गोड हाय का?"

त्यांना चुटपुट नको म्हणून मी म्हटलं, "आंबट आहे हो, काका."

ते गालात हसले. "आंबट असता तर तिसरी फोड उचलली नसतीस, बाय."