मागच्या टायरची हवा
जळक्या रबराचा वास आला की ऐंशीच्या दशकातला मिशिगनमधला तो छोटा ट्रॅक आठवतो. कॉलेजात असताना शनिवारी मी एका स्टॉक कारच्या, म्हणजे साध्या गाडीसारख्या दिसणाऱ्या शर्यतीच्या गाडीच्या, टीमला मदत करायचो. त्या दिवशी पात्रता फेरीत पहिल्या चारांत आलो नाही तर मोठी शर्यत विसरायची, आणि सरावात गाडीचं मागचं अंग वळणावर बाहेर फेकलं जात होतं. "मागच्या उजव्या टायरची हवा थोडी कमी करू या," मी म्हणालो. "चुकलास तर तुला टपावर बांधून घरी नेईन," ड्रायव्हर म्हणाला, पण त्याने ऐकलं. गाडी वळणाला चिकटून धावली आणि आम्ही चौथे आलो. ड्रायव्हरने मला दंडाला धरून शर्यत बघायला आलेल्या आपल्या आईपुढे उभं केलं. "हा आमचा इंजिनिअर." आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. डिग्री पुढच्या वर्षी मिळाली, पण इंजिनिअर मी त्या संध्याकाळपासून आहे.