खालच्या मजल्यावरचं ताट

समस्त बेंबळीकर, पै-पाहुणे, भावकी, आणि भावकीत नसूनही आमच्या घरातलं सगळं माहीत असणारी मंडळी, यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं, की दक्षिण अमेरिका खंडातल्या किटो या शहरात, ढगांच्या शेजारी बांधलेल्या एका घरात, निळ्या काठाच्या एका चिनी मातीच्या ताटामुळं माझा संसार मोडता मोडता राहिला. या वृत्तात अतिशयोक्ती नाही. अतिशयोक्ती मी करतो, नाही असं नाही. पण ती फक्त सोयाबीनच्या उताऱ्याबाबत.

सध्या सुट्टीवर गावी आलोय. ओट्यावर बसलो की कुणी तरी येतं आणि विचारतं, "तिकडं खातेत काय ओ?" मी सांगायला लागतो आणि निम्म्यातच माणूस "आरारारा" करत उठून जातो. पुढचं ऐकायला कुणी थांबतच नाही. म्हणून एकदाचं लिहून काढतोय.

मी ठिबक आणि पॉलीहाउसवाला माणूस. निम्मं आयुष्य या जिल्ह्यातल्या रानांत नळ्यांचा कचरा काढण्यात गेलं. किटोच्या बाहेर डोंगरउतारांवर गुलाबाची शेती आहे, मैलोन्‌मैल पांढरी पॉलीहाउसं. तिथल्या एका कंपनीला पाण्याचं गणित जमणारा माणूस हवा होता. बातमी गावात फुटली तेव्हा आमचे चुलते म्हणाले, "हितं प्यायला टँकर येतोय, आन् ह्ये चाललेत परदेशात गुलाबाला पाणी पाजायला!"

बायकोनं मात्र शांतपणे एकच अट घातली.

"मी येते. पण मला मुक्यानं बसाय जमत न्हाय. येळवशीपर्यंत एक तरी बाई माझ्या घरात येऊन टेकली पायजे. च्या पिऊन, चार सुखादुखाच्या गोष्टी बोलून गेली पायजे. न्हाय तर येळवशीला मी आपल्या रानात असणार. तुमी बसा तिकडं."

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावास्या. त्या दिवशी आमच्या गावात चिटपाखरू सापडत नाही. सगळे रानात. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाताला धरून बसवतात, आंबील पाजतात आणि शेंगा-पालेभाज्यांची भज्जी वाढतात. "नको" म्हणणाऱ्याला दुप्पट वाढतात. अशा मुलखातली बाई घेऊन मी दसरा उरकून किटोला उतरलो.

पहिला धक्का जिन्यानं दिला. आमचं घर वरच्या मजल्यावर, घरमालकीण खाली. जिना एकच, तोही साधा. मी दोन्ही हातांत बॅगा घेऊन ऐटीत निघालो आणि मध्यावर पायरीवरच बसलो. शहर इतक्या उंचावर आहे की हवा पातळ ताकासारखी. कितीही ओढली तरी पोट भरत नाही. बायको वरून म्हणाली, "बाळंत होऊलालाव का काय तिथं?"

दुसरा धक्का मालकिणीच्या नवऱ्यानं दिला. भला माणूस, मिशा पांढऱ्या, हसरा. किल्ल्या द्यायला वर आला आणि रीतीप्रमाणं माझ्या बायकोच्या गालाला गाल लावून मुका घ्यायला पुढं झुकला. तिथं तो नमस्कारच. पण बेंबळीची बाई ती. अशी चपळाईनं माझ्या मागं सरकली, की तो मुका सरळ माझ्या कानशिलावर बसला. तो गृहस्थ दचकला, मी त्याहून दचकलो. दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि का कोण जाणे, मी त्याला "थँक्यू" म्हणालो.

मग आभाळ. सकाळी उठावं तर स्वेटर, बाराला डोकं भाजणारं ऊन, दुपारी तेरखेड्याचे सुतळी बॉम्ब फुटावेत तसा गडगडाट आणि पाऊस, आणि संध्याकाळी धुकं. "इथं थंडी कवा असती?" बायकोनं विचारलं. मी म्हणालो, "सकाळी."

पण तिला खरा धक्का बसला तो शांततेचा. आमच्या गल्लीत प्रत्येक घराला उंच भिंत, भिंतीवर विजेची तार, खिडकीला गज आणि गजांमागं कुत्रं. माणूस म्हणून दिसायचं ते गाडीत बसताना किंवा गाडीतून उतरताना. मी कामाला गेलो की ती गॅलरीत उभी. दिवसभरात तिला हाक मारायचा तो एक गॅसच्या टाक्या विकणाऱ्या गाडीचा भोंगा. पंधरवड्यानंतर संध्याकाळी ती मला म्हणाली, "आज म्या भोंग्याला व्हय म्हणलं." आणि हसली नाही.

आणि मग ते ताट आलं.

एका सकाळी मालकीण दारात. बायकोच्याच वयाची, बुटकी, दणकट, पुढं ॲप्रन. हातात निळ्या काठाचं ताट, ताटात मक्याच्या हिरव्या सालींत गुंडाळलेल्या वाफाळत्या पुड्या. "वेसिनिता!" म्हणाली. म्हणजे शेजारीणबाई, पण लाडातली. ताट हातात ठेवलं, हसली आणि गेली. आत कोवळ्या मक्याचं वाटण, चीज घालून उकडलेलं. बायकोनं एक घास खाल्ला आणि तिच्या चेहऱ्यावर दसऱ्यानंतर पहिल्यांदा ऊन पडलं. "आवो, हे तर येळवशीच्या उकडलेल्या उंड्यासारखं लागतंय!"

आता यापुढं जे झालं ते जगात फक्त आपल्याच माणसांच्या हातून होऊ शकतं. शेजारणीचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं. हा कायदा कुठं लिहिलेला नाही, पण आमच्याकडं खुनाचा आरोपी एक वेळ सुटेल, रिकामं भांडं पाठवणारी सून सुटणार नाही. बायकोनं त्याच संध्याकाळी धपाटे केले, वर शेंगदाण्याची चटणी, आणि ताट खाली पोचवलं.

तिसऱ्या दिवशी ताट परत वर. त्यात फुग्यासारख्या मोठ्या तळलेल्या करंज्या, आत चीज, वर साखर.

बायकोनं शेंगपोळ्या पाठवल्या.

ताट आलं. गुळाच्या पाकात शिजवलेली अंजिरं.

ताट गेलं. चुरमुऱ्यांचा सुशीला, वर बारीक कोथिंबीर. इथं आमच्या डब्यातले बेंबळीहून आणलेले चुरमुरे संपले.

आमच्या जिन्यावर ते ताट एसटीसारखं धावायला लागलं. मी रात्रीचं जेवण सोडलं तरी पँटचं बटण लागेना. बायको सकाळी डोळे उघडले की आधी विचार करायची: आज काय? बाजारात जाऊन खुणा करून करून डाळ शोधायची, वाटायची, तळायची. आणि तिकडून येणारं प्रत्येक ताट आधीच्यापेक्षा वरचढ. बायकोही काही बेंबळीचं नाव घालवायला गेलेली नव्हती. एकदा तर तिनं पुरणपोळीबरोबर ठेच्याची वाटी ठेवली. खालून जो खोकला ऐकू आला, तो मला दुसऱ्या दिवशी गुलाबांत काम करतानाही आठवत होता.

पण मुख्य गोष्ट राहिलीच. मालकीण दारात यायची, ताट द्यायची, "वेसिनिता, वेसिनिता" करायची, आणि बायको खुर्ची ओढेपर्यंत जिन्यावरून धडधड खाली. बसायची नाही. बायको चहाचं आधण ठेवून वाट बघायची. ती येऊन गेलेली असायची. 

"ही बाई मला टाळती," एकदा ती म्हणाली. "ताट देती आन् पळती. देवाला निवद दाखवल्यासारखं. निवदाच्या देवासंगं कुणी बोलत बसतंय का?"

मी म्हणालो, "कामात असंल."

"येळवस कवा हाय?"

मी कॅलेंडर बघायचं टाळलं.

आणि एके दिवशी संध्याकाळी मालकीण स्वतःच्या नवऱ्यासह वर आली. नवऱ्यानं या वेळी मुका दुरूनच हवेत सोडला. ताटावर पांढरं फडकं झाकलेलं. दोघांचे चेहरे असे, जणू लग्नाचा मुहूर्त. ताट टेबलावर ठेवलं, दोघांनी छातीला हात लावला आणि गेले. बायकोनं फडकं उचललं.

ताटात एक आख्खा प्राणी होता. भाजलेला, तांबूस, खुसखुशीत. चार पाय, चार पंजे, दोन कान. आणि दात. पुढचे लांब दात काढून तो आमच्याकडं बघून हसत होता.

बायकोनं फडकं तिथंच टाकलं. तिनं फोन उचलला आणि सासूला लावला. आमची आई बेंबळीत तेव्हा पहाटेची उठून म्हशीपाशी बसलेली. बायकोनं फोनचा कॅमेरा ताटावर धरला. "आत्या, बघा तरी! काय दिलंय बघा!"

आईनं फोन डोळ्यांजवळ नेला. मग लांब धरला. मग किंचाळली, "आगं बया! घूस हाय ती घूस! भाजून दिली तुमाला घूस!"

मागं म्हैस उधळल्याचा आवाज आला.

मी समजावून सांगितलं, की ही घूस नव्हे. ही कुई, गिनीपिगची जात, हे लोक घरी पाळतात, गवत घालतात, आणि मोठ्या मानाच्या माणसालाच हे ताट जातं. आपल्याकडं पाहुण्याला बोकड कापावं तसं. आईनं फोन पुन्हा डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाली, "मसाला कंचा लावलाय?"

बायकोनं ते ताट गॅलरीत नेऊन ठेवलं आणि आत येऊन दार लावून घेतलं. आता मानाचं ताट फेकायचं कसं? मी एकटाच गॅलरीत गेलो. आधी एक पाय मोडला. कातडी पापडासारखी. मग दुसरा पाय. खरं सांगतो, तेरवीच्या पंगतीत न बोलता जेवतात तसा मी जेवलो, आणि काही मागं ठेवलं नाही. आत आलो तर बायको भिंतीला टेकून उभी. "तोंड धुवा." धुतलं. "परत धुवा." परत धुतलं. "आता आंघूळ करा, आन् आज बाहेरच्या खोलीत झोपा."

सकाळी ताट तिनं घासलं, पुन्हा घासलं आणि शुद्ध व्हायला उन्हात कठड्यावर ठेवलं. मी भीत भीत विचारलं, "परत काय पाठवायचं?"

"काय पाठवू?" ती कडाडली. "त्यांनी घरातला जीव कापून दिला. त्याच्या बरोबरीचं माझ्यापाशी काय हाय? धपाटं देऊ? त्यापरीस न देलेलं बरं."

त्यानंतर ताट तिथंच. रिकामं. खालून कुणी येईना, वरून कुणी जाईना. मालकीण अंगणात कपडे वाळत घालायची, मान वर करून कठड्यावरच्या ताटाकडं बघायची आणि आत जायची. बायको हे पडद्याआडून बघायची. एवढी वर्षं संसार केला, पण तिला इतकी लाजलेली मी कधी बघितली नव्हती. "चांगल्या घरची म्हणून आले आन् लोकाचं ताट दाबून बसले," ती म्हणाली. "तिकीट काढा. मला ह्या बाईच्या तोंडाकडं बघवत न्हाय."

बॅग भरली गेली. दाराशी उभी राहिली. मी येळवशीच्या आधीच्या रविवारी सकाळी मोबाइलवर विमानाच्या तारखा बघत बसलो होतो, हळूहळू, जितकं हळू बघता येईल तितकं.

तेवढ्यात दार वाजलं. मालकीण. हात रिकामे. ती दारातच चुळबुळ करत म्हणाली, की आज नणंद जेवायला येतेय, संचातलं एक ताट कमी पडतंय, वेसिनितानं राग मानू नये. मी कामावर शिकलेल्या मोडक्या स्पॅनिशवर भाषांतर केलं. बायको गॅलरीत गेली, ताट आणलं, ओढणीनं पुसलं आणि मान खाली घालून दोन्ही हातांनी पुढं केलं.

मालकिणीनं ताटात बघितलं. ताट उलटं करून बघितलं. मग माझ्या बायकोकडं बघितलं. आणि दाराशी उभ्या केलेल्या त्या भरलेल्या बॅगेवर मटकन बसली, ताट मांडीवर घेऊन, आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "रिकामं!" म्हणाली. "देवाची कृपा, रिकामं!"

मग तिचा जो धबधबा सुटला, तो मी जमेल तसा मराठीत आणत गेलो. तिच्या आईनं तिला लहानपणीच बजावलेलं, शेजारणीचं ताट रिकामं धाडायचं नाही. नव्या शेजाऱ्यांचं स्वागत एका ताटात उरकेल म्हणून तिनं मक्याच्या पुड्या दिल्या, तर त्याच संध्याकाळी आमचे धपाटे. तेव्हापासून बिचारी रोज रांधतेय. बसत का नव्हती? बसली असती तर आणखी एक ताट हातात आलं असतं, म्हणून पळायची. शेवटी नवऱ्यानं सुचवलं की कुई दे, त्याच्यावर कुणालाच काही देता येत नाही, त्यानं तरी ही वरची बाई थांबेल. आणि थांबली, तर आठवडाभर ही खाली घाबरलेली, की आता काय येतंय, बैल?

मी बोलायचा थांबलो. बायको तोंडावर हात ठेवून उभी होती. मग तो हात तिनं खाली घेतला आणि त्या परक्या बाईच्या पाठीत एक दणका घालून मोठ्यानं म्हणाली, "आगं भवाने! मग आधी सांगायचं न्हाय व्हय? मी हितं पीठ मळून मळून मेले की गं!"