रोडगे चुरणारा हात

आमचे हे जाऊन आता वर्ष होत आलं. मागे वळून पाहताना जाणवतं की यांच्या आजारपणात माझा देवावरचा विश्वास उडाला नव्हता, पण त्याच्याशी बोलणं कमी झालं होतं. यांना पार्किन्सन, म्हणजे कंपवात. उजवा हात मांडीवर ठेवला की आपोआप थरथरायचा. हा हात थांबू दे, एवढंच मी रोज मागत असे. तो थांबला नाही.

अमरावतीला डॉक्टरांकडे गेलो की तिथली एक मुलगी समोर बसून प्रश्न विचारायची. आजार किती वाढला हे डॉक्टर तपासून पाहत. त्या आजारासकट माणसाचं जगणं कसं चाललंय, हे या प्रश्नांवरून मोजत. सदरा घालताना त्रास होतो का? लोकांत लाज वाटते का? कधीच नाही, कधीकधी, बरेचदा, नेहमी, यांतलं एक उत्तर द्यायचं. "चारचौघांत जेवणं टाळता का?" या प्रश्नावर हे म्हणाले, "पोरी, 'नेहमी'च्या वर काई नाई का तुह्याजवळ?"

ती हसली. मला हसू आलं नाही. अकोल्यात आमच्याकडे पाहुणा आला की हे आत जाऊन बसत आणि तो गेल्यावर गार झालेलं अन्न चिवडत. पुढे माझ्यासमोरही जेवेनासे झाले. मी ताट खोलीत ठेवून दार लोटून घ्यायची. बरेचदा ते ताट तसंच परत यायचं. अंगावरचे कपडे ढगळ होत चालले होते. आजाराच्या आधी ही लाजच यांना नेईल, अशी मला भीती वाटू लागली.

बाळापूरकडे एका महादेवाच्या देवळात दर हिवाळ्यात रोडगे होतात. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या आरावर भाजतात. ते वरून इतके टणक होतात की वरणात चुरायला हातात जोर लागतो. म्हणून म्हाताऱ्यांचे आणि लेकरांचे रोडगे शेजारी बसलेला धडधाकट माणूस चुरून देतो. पूर्वी ज्या पंगतीत हे बसत, तिथं ते काम यांच्याकडेच असे. आजार आल्यावर आम्ही तिथं जाणंच सोडलं. मग एके वर्षी नुसतं दर्शन घेऊन पंगतीआधी निघू, या बोलीवर मी यांना कसंबसं नेलं. दर्शन झालं, पण आम्हाला घेऊन आलेला ऑटोवाला हलेना. "प्रसाद सोडून चाल म्हनता, काकू? देव पाहून राह्यला ना वरतून!" असं म्हणून तो खुशाल पंगतीत जाऊन बसला.

नाइलाजानं आम्हीही एका टोकाला बसलो. पत्रावळी वाढून झाल्या. हे उजवा हात मांडीखाली दाबून मान खाली घालून बसले. यांच्या पलीकडे एक अनोळखी म्हातारी होती.

"काहून बसले भाऊ हात लपवून? माहे रोडगे चुरून द्या."

"हात थरथरते माहा, बाई."

"थरथरू द्या ना. दात नाईत मले. बारीक चुरा."

आणि तिनं आपली पत्रावळ यांच्यापुढे सरकवली. यांनी मांडीखालचा हात बाहेर काढला. आधी वरण सांडलं, एक तुकडा माझ्या पदरावर उडाला. पण रोडगा मुठीत आल्यावर थरथर मंदावली. हात कामाला लागला की काहींची थरथर तेवढ्यापुरती कमी होते, असं डॉक्टर नंतर म्हणाले. तसं असेलही. मी वाद घातला नाही. म्हातारीनं बोटानं चाचपून पाहिलं आणि म्हणाली, "जमलं. आता सोताचे चुरा, गार होऊन राह्यले."

हे जेवले. साऱ्या पंगतीदेखत, निम्मं अंगावर सांडत, पोटभर जेवले. हात धुऊन येईपर्यंत ती म्हातारी उठून गेली होती. तिचं गाव कोणतं, हेही विचारायचं राहून गेलं.

आजार पुढं वाढतच गेला. मागितलेलं मिळालं नाही, आणि त्या दिवसानंतर मी ते मागणंही सोडलं. काय द्यायचं ते महादेवावर सोपवलं, तसं माझं त्याच्याशी बोलणं पुन्हा सुरू झालं. शेवटी तर यांना घास मलाच भरवावा लागे. समोर शेजारीण बसलेली असली, तरी हे निःसंकोच तोंड उघडत आणि तिच्यादेखत म्हणत, "मीठ कमी हाये." मी मीठ आणायला उठायची, तेव्हा मनातल्या मनात माझे हात जोडलेले असायचे.