सगळ्या मशीनची एक सीडी

कॉम्प्युटर दुरुस्त करून बंद केला की टेबलावर दोन स्क्रू उरतात. का उरतात ते कुणालाच सांगता येत नाही, मशीन तर चालू झालेलं असतं. बीडच्या आमच्या दुकानात असे स्क्रू टाकायला श्रीखंडाचा एक रिकामा डबा होता. किस्सेही तसेच साठले. मुनीर अन् मी तिथं सोबत कामाला होतो. आजही भेटलो की एकेक बाहेर निघतो, आणि ज्याच्यावर हसायचं तो माणूस बहुतेक वेळा मीच असतो.

दुकान अप्पांचं. अप्पा पिढीजात बियाण्याचे व्यापारी. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगात पांढरा सदरा, अन् बाजारातल्या कुठल्याही गोष्टीवर ठाम मत. नव्वदीच्या शेवटी जो तो कॉम्प्युटर कॉम्प्युटर करायला लागला, तेव्हा अप्पांनी दुकानातली अर्धी पोती हलवली आणि तिथं टेबल मांडलं. खरेदीची पद्धत मात्र बियाण्याचीच ठेवली. मुंबईला जायचं आणि जे स्वस्त दिसेल ते उचलायचं. अकरा मशीनं जोडली, तर त्यात सात प्रकारची साउंड कार्डं!

आता कॉम्प्युटरमधल्या प्रत्येक कार्डाला त्याचा त्याचा ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हर म्हणजे मशीनला कार्डाची ओळख करून देणारा छोटासा प्रोग्राम. तो नसला की स्पीकर मुका आणि स्क्रीनवर सोळाच रंग. हे मी अप्पांना तासभर समजावलं. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "बियाणं कोणत्या का कंपनीचं असंना, माती वळखती का न्हाई? मंग तुझी मशीन कावून वळखत न्हाई?"

त्या संध्याकाळी मी माझी डिप्लोमाची पुस्तकं माळ्यावर टाकली.

*

ड्रायव्हरची सीडी कार्डासोबतच यायची. अप्पा ती गिऱ्हाइकाला देऊन टाकायचे. एवढी चकाकणारी वस्तू दुकानात नुसती पडून काय उपयोग, असं त्यांचं म्हणणं.

एकदा नेकनूरच्या एका खतवाल्याचं मशीन दुरुस्तीला आलं. सगळं नव्यानं टाकायचं होतं. मी सीडी मागितली तर तो म्हणाला, ती शेतात आहे. मला वाटलं थट्टा करतोय. एसटीनं नेकनूरला गेलो, तिथून पायी शेतात. ज्वारी निसवून कणसं बाहेर आली होती आणि मधोमध काठीला सुतळीनं बांधलेला आमचा डिस्प्ले कार्डचा ड्रायव्हर वाऱ्यावर गरगर फिरत होता.

खतवाल्याचा थोरला भाऊ राखणीला होता. सीडी द्यायला तो तयार होईना. "पाखरं लई कमी झाली बगा हिच्यानं," तो म्हणाला. "तुमचं काम दुसऱ्या सीडीवर भागत न्हाई का?"

शेवटी मी बीडला परत आलो, सिनेमाच्या गाण्यांची एक सीडी घेतली आणि पुन्हा नेकनूरला गेलो. त्यानं ती काठीला बांधली, ऊन पडून नीट चमकते का ते दोन्ही बाजूंनी बघितलं, आणि मगच माझा ड्रायव्हर सोडून दिला.

परतीच्या एसटीत ठरवलं की आता बस्स. इन्स्टॉलेशनची एकच सीडी करायची आणि दुकानात येणाऱ्या सगळ्या कार्डांचे ड्रायव्हर तिच्यातच घालून ठेवायचे. सीडी टाकली, बटण दाबलं, चहा पिऊन आलो की आवाज, रंग, सगळं जागेवर. अप्पांना सांगितलं तर त्यांचे डोळे चमकले. चौसाळ्याच्या कॉलेजची वीस मशीनची ऑर्डर त्यांना नुकतीच मिळाली होती.

"ईसच्या ईस मशीनी तुझ्या एका सीडीवर चालल्या, तर नेकनूरला शाखा काढू," अप्पा म्हणाले. "शाखा तुझी. पाटीवर नाव बी तुझंच."

त्या रात्री मला झोप लागली नाही, हे कबूल करतो. पाच वर्षं अप्पा माझी ओळख 'आमच्याकडं डबे उघडतो त्यो' अशी करून द्यायचे. स्थळं यायची आणि 'दुकानात कामाला आहे' एवढं ऐकून चहा पिऊन जायची. मला ती पाटी हवी होती, फार हवी होती.

*

ड्रायव्हर गोळा करणं सोपं होतं. ते इन्स्टॉलेशनच्या फायलींमध्ये नेमक्या जागी ठेवून, मशीनला तिथंच शोधायला लावणं हेही मुनीरला जमलं. अडलं ते सीडी लिहिण्यापाशी. आमचा सीडी रायटर एक सीडी लिहायला अर्धा तास घ्यायचा, आणि मध्येच लाईट गेली की सीडी बाद. बाद झालेल्या सीड्यांवर अप्पांच्या घरची मंडळी चहाचे कप ठेवायची. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्याकडं कप कमी पडायला लागले.

मुनीरनं आमच्या भागाच्या वायरमनला दुकानात बोलावलं आणि कॉम्प्युटरवरचा पत्त्यांचा डाव दाखवला. बस्स! दुसऱ्या दिवसापासून वायरमन दुपारी दोनला येऊन खेळायला बसायचा. तो स्वतःच डाव मांडून बसल्यावर त्या गल्लीची लाईट कोण घालवणार? आमच्या सीड्या धडाधड निघायला लागल्या.

पंधरा दिवसांनी गल्लीच्या तोंडाला भलामोठा बॅनर लागला. अखंड वीजपुरवठ्याबद्दल तात्यासाहेबांचे जाहीर आभार! तात्यासाहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी, आणि चौसाळ्याचं ते कॉलेजही त्यांच्याच संस्थेचं. वायरमननं बॅनर वाचला आणि मान हलवत आत येऊन पुढचा डाव मांडला.

*

शेवटी चौसाळ्याला न्यायची सीडी तयार झाली. अप्पा म्हणाले, एवढं मोठं काम आहे, आधी पूजा. देव्हाऱ्यापुढं नारळ फोडला आणि सीडीला तीन बोटांनी भस्म लावलं. चकाकणाऱ्या बाजूला!

मशीननं ती सीडी तोंडात घेतली आणि घरघर करून परत बाहेर टाकली. मुनीरनं शर्टानं पुसली तर चांगल्या बोटभर लांब रेघा उमटल्या. मी अप्पांना शक्य तितक्या नम्रपणे सांगितलं की मशीन वाचतं ती अक्षरं त्याच बाजूला असतात.

"मंग ती बाजू तोंडासारखी चमकती कावून?" अप्पा माझ्यावरच भडकले. "देवाला मी पाठीकडून भस्म लावू का?"

दुसरी सीडी लिहिली. पूजेला तिचं रिकामं कव्हर दिलं आणि अप्पांना कळू दिलं नाही.

*

चौसाळ्याला जायच्या आदल्या दिवशी तात्यासाहेबांचा निरोप आला. मशीन चालू केल्याबरोबर त्यांचा फोटो दिसला पाहिजे आणि खाली 'चौसाळा महाविद्यालय आपले स्वागत करीत आहे' असं मोठ्या अक्षरात यायला पाहिजे. वरून तपासणी समिती येणार होती. तिनं शेरा चांगला दिला तरच कॉम्प्युटरचा कोर्स मंजूर होणार होता. मी फोटो आणि मजकूर सीडीतच घालून टाकला, म्हणजे वीस वेळा लावत बसायला नको.

आणि चाललं की हो सगळं! वीसच्या वीस मशीनं, एक सीडी. प्रत्येक स्पीकर वाजला, प्रत्येक स्क्रीनवर तात्यासाहेब रंगीत हसले. समितीनं काजू खाल्ले, मशीनं मोजली, अध्यक्षांनी माझी पाठ थोपटली. अप्पा बीडला येईपर्यंत जीपमध्ये गुणगुणत होते. मी मनात नेकनूरच्या पाटीचा रंग ठरवत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अप्पांनी मला धर्मापुरीला नेलं. का ते वाटेत सांगितलं. तिथंही तात्यासाहेबांचं कॉलेज होतं, तिथंही तीच समिती त्याच दिवशी यायची होती, आणि मशीनं मात्र त्यांच्याकडं सगळी मिळून वीसच. चौसाळ्याची तीच मशीनं आदल्या संध्याकाळीच टेम्पोनं धर्मापुरीला पोचली होती. तिथल्या शिपायानं जोडणी करून बटणंही दाबून ठेवली होती, फक्त लाईट नव्हती.

आत नाव मात्र चौसाळ्याचंच होतं. मजकूर बदलायला एका मशीनला एक मिनिट लागणार होतं. मला हवी होती वीस मिनिटांची लाईट. आठपासून मी लाईट यावी म्हणून देवाची करुणा भाकत होतो. साडेअकराला समितीची गाडी फाटकात शिरली, तेव्हापासून ती येऊ नये म्हणून भाकायला लागलो.

समिती खोलीत आली. तात्यासाहेब पुढं, मागं अध्यक्ष, त्यांच्या मागं अप्पा. आणि लाईट आली.

वीस मशीनं एकदम घरघरली. एकेका स्क्रीनवर तात्यासाहेब हसत हसत उगवले आणि चौसाळा महाविद्यालयानं धर्मापुरीत सगळ्यांचं वीस वेळा स्वागत केलं.

तात्यासाहेबांनी अप्पांकडं बघितलं. अप्पांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत नेकनूर नव्हतं, हे मला स्वच्छ दिसलं.

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पहिल्या रांगेतली चार-पाच मशीनं सावकाश वाचली. मग मला बोटानं जवळ बोलावून खिडकीपाशी नेलं.

"हे नाव सीडीतूनच येतं का?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

मी मान हलवली.

"बदलाया किती येळ लागतो?"

"लाईट असली तर अर्धा तास, सर. नवी सीडीच लिहून देतो."

अध्यक्षांनी खिशातून एक चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. "माझ्या मेव्हण्याच्या कॉलेजचं नाव हाय. त्याची तपासणी सोमवारी हाय," ते म्हणाले. "टेम्पो कोणाचा, तेवढं तात्यांना इचारून ठिवा."