पाहुण्यांचं जेवण हॉटेलात सांगितलं होतं

गुरुवारपासून झोपेचं खोबरं झालंय... म्हणून लिहूनच टाकते.

मिरजोळ्याच्या पलीकडे एका बौद्धवाडीत आमच्या संस्थेचं काम चालतं. मी तिथली को-ऑर्डिनेटर. आम्हाला मदत देणाऱ्या परदेशी फाउंडेशनच्या मॅडम गुरुवारी पहिल्यांदाच वाडी बघायला येणार होत्या. पुढच्या वर्षीचा प्रोजेक्ट त्यांच्या हो-नाहीवर, आणि माझी नोकरी त्या प्रोजेक्टवर.

आता आमची पद्धत अशी, की पाहुणे आले की कार्यक्रम वाडीत आणि जेवण रत्नागिरीतल्या हॉटेलात. संस्थेचे प्रमुख, आमचे सर म्हणतात, पाहुण्यांच्या पोटाला सोसायला हवं ना... स्वतः वाडीत येतात तेव्हा पाण्याची बाटलीसुद्धा घरून आणतात. मी पावसजवळच्या अशाच वाडीतली. हे पोटाचं दुखणं मला कोणी समजावून सांगायला नको.

पण या वेळी महिला गटाच्या अध्यक्ष सुशीलाआक्कांनी परस्पर ठरवून टाकलं... पाहुणी जेवूनच जाणार. बायांनी सकाळपासून ओले काजू सोलून चिकाने बोटं काळी करून घेतली होती. मी पोचले तर उसळ शिजत होती, घावण्यांचा तवा तापला होता. सरांना कळवायचा धीर होईना आणि आक्कांना नको म्हणायला जीभ रेटेना.

मॅडम अमेरिकेच्या, कृष्णवर्णीय. त्यांच्या आजीला गावातल्या काही हॉटेलांत बसूच देत नसत, असं त्यांनी भाषणात सांगितलं. मीच ते मराठीत करून सांगत होते. बाया नुसत्या माना हलवत होत्या, त्यांना त्यात नवीन काय...

कार्यक्रम संपला आणि समाजमंदिरात केळीची पानं मांडायला सुरुवात झाली. सर हसत हसत मॅडमना म्हणाले, वेळ कमी आहे, टेबल सांगून ठेवलंय, निघू या. मॅडमनी पानांकडे बघितलं, बायांच्या बोटांकडे बघितलं... आणि सरांना सोडून मला विचारलं, तुमची संस्था इथे कधी जेवते का?

सर माझ्याकडेच बघत होते. आईची औषधं, भावाचं कॉलेज, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

"मी जेवते," मी म्हटलं. "संस्था कधीच जेवली नाही."

आक्कांनी विचारलं, काय म्हणालीस? मी मराठीतही तेच सांगितलं. मग आक्कांनी स्वतःच्या शेजारचं पान सरळ केलं.

"आज जेवतील ना. बसा सर, पान वाढलंय."

टोमणा नाही, काही नाही... लग्नात व्याह्याला बसवावं तसं. मॅडम तोवर मांडी घालून बसल्यासुद्धा होत्या. सरही बसले. पाणी वाडीतलंच प्यायले, कारण बाटली गाडीत राहिली होती.

निघताना मॅडम एवढंच म्हणाल्या की पुढचं काम काय असावं ते मला या बायकांकडूनच ऐकायचंय. ना हो म्हणाल्या, ना नाही. सर परतीच्या वाटेत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. सोमवारी केबिनमध्ये बोलावलंय.

आज आक्कांचा फोन आला. मी रडलेच. तर म्हणतात, "घाबरतेस कशाला गो? सोमवारी आम्ही सगळ्या येतो. सर आमच्याकडे जेवलेत, आता आम्हाला चहा नको पाजायला?"

धाकधूक आहेच. पण त्या केबिनमध्ये मी एकटी नसेन... आक्का, तुमचे उपकार.