भर धरणात कोरडी टाकी

पंपावर पेट्रोलचा वास आला की मला भंडारदऱ्याच्या पाण्यातली ती उन्हाची दुपार आठवते. हौसेची मोटारबोट आमची आणि दिराची भागीत होती, आणि जो फिरवेल त्यानं नंतर टाकी भरून ठेवायची, असं ठरलं होतं. म्हाताऱ्या सासऱ्यांना फिरवायला मी आणि दीर निघालो आणि भर पाण्यात इंजिन बंद पडलं. "भाऊजी, मागच्या रविवारी तुमचेच मित्र फिरले ना? टाकी काय विहीर आहे, आपोआप भरायला?" मी विचारलं. "वहिनी, पेट्रोलचा भाव कुठं गेलाय बघा जरा! माझ्या थोरल्या भावानंही कधी भरावं की," दीर म्हणाला. आमची जुंपली, तसं सासऱ्यांनी वल्हं उचललं. "तुमी भांडा, मी नेतो काठाला." वल्हं घ्यायला मी हात पुढे केला, तो त्यांनी झटकला. बोट काठाच्या दगडांवर आदळली, तेव्हा दीर बसला होता त्या फळीखालून पेट्रोलनं भरलेला कॅन घरंगळत बाहेर आला. "ते माझ्या पैशाचं आहे," तो म्हणाला. सासऱ्यांनी सोललेले तळहात पाण्यात बुडवले आणि एवढंच म्हणाले, "बोट इका." बोट लगेच विकली. दिवाळीला दीर अजून येतो. मी चहा देते, बसायला सांगत नाही.